पानाच्या तळाचा शब्द

मला फारसी वाचता येत नाही. तरीही माझ्या कपाटात सोनेरी वेलबुट्टीची एक हस्तलिखित फारसी पोथी आहे, हे ऐकून लोक हसतात. बायको तर तेव्हा पत्रातूनच हसली होती. "वाचता येत नाही ते विकत कशाला घेता? कलकत्त्याचं पाणी डोक्यात गेलं की काय?" तिचं बरोबर होतं. पण ती पुण्याला होती, माझ्या आईच्या आजारपणात आणि मुलाच्या शाळेत अडकलेली. मी केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन भवानीपूरच्या एका खोलीत. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. कचेरीचे दिवस कसेबसे ढकलले जायचे, रविवार मात्र अंगावर यायचा.

मराठी मंडळींकडे जावं तर मुलं बंगालीत भांडत असायची आणि वहिनी विचारायच्या, "मग कुटुंब कधी आणताय?" या प्रश्नाला कंटाळून मी तिथे जाणं सोडलं आणि कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या टपऱ्या धुंडाळू लागलो. कातडी बांधणीची व्याकरणं, नकाशे, कुणाकुणाच्या सह्या असलेले प्रवासग्रंथ. एकटा माणूस दारूपायी वाया जातो म्हणतात. मी पुस्तकांपायी गेलो.

अशाच एका पुस्तकाचा कणा निखळला, तेव्हा टपरीवाल्यानं मला सियालदहजवळच्या एका गल्लीत पाठवलं. तिथे सगळे पुस्तक बांधणारे. त्यांना तिकडे दफ्तरी म्हणतात. माझे दफ्तरी सत्तरीच्या पुढचे होते. बायको वारलेली, मुलगे फाळणीनंतर पलीकडे गेलेले. खळीचं भांडं, सुया, दाबाचं लाकडी यंत्र आणि ते. पुस्तक दुरुस्त होऊन मिळालं, तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. मातीच्या भांड्यातला चहा यायचा. त्यांचं उर्दू मला अर्धं कळायचं, माझं कचेरीतलं हिंदी त्यांना तेवढंही नसावं. पण दोघांनाही घाई नव्हती. ते पानं शिवायचे, मी बघत बसायचो. त्या शहरात माझी वाट पाहणारं तेवढं एकच माणूस होतं.

ती पोथी त्यांच्या आजोबांची, प्रार्थनांची. बांधणी पार गेलेली, म्हणून सगळी पानं सुटी करून कापडात बांधलेली. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडेही पोथी अशीच रुमालात असते. पण आमच्या पोथीच्या पानांवर आकडे असतात, यांच्यावर नव्हते.

"मग पानं विस्कटली तर?" मी विचारलं.

त्यांनी पानाच्या तळाशी, कोपऱ्यात तिरका लिहिलेला एक बारीक शब्द दाखवला. पुढचं पान ज्या शब्दानं सुरू होतं, तोच शब्द आधीच्या पानाखाली लिहून ठेवायचा. "हर पन्ना अगले को आवाज़ देता है," ते म्हणाले. "पढ़ना न आए तो भी क्या, साहब. शक्ल तो पहचानोगे."

त्यांची नजर जात चालली होती. एक दलाल खेटे घालत होता. त्याला पोथी नको होती, सोनेरी पानं एकेक चौकटीत घालून परदेशी लोकांना विकायची होती. त्यापेक्षा तुम्ही घ्या, म्हणाले. घासाघीस न करता केलेली माझ्या आयुष्यातली ती एकच खरेदी. हातात देताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "इसे बिखरने मत देना. और घर जाके पन्ने मिला लेना."

मी पानं जुळवून पाहिली नाहीत. एवढ्या सज्जन माणसाकडून घेतलेली वस्तू काय तपासायची! हा माझा मोठेपणा म्हणा किंवा आळस म्हणा. दोन्ही एकच.

पुढच्या रविवारी पावसाळा सरून छान कोवळं ऊन पडलं होतं. आमच्या घरी पावसाळ्यानंतर पोथ्यांना ऊन दाखवतात. मीही दाखवलं. व्हरांड्याच्या दाराशी सतरंजी घालून सगळी पानं ओळीनं मांडली आणि कौतुकानं बघत बसलो. सकाळपासून लोडशेडिंग होतं. पंख्याचं बटण चालू राहिलंय हे माझ्या गावीही नव्हतं.

वीज आली. पानं खोलीभर उडाली, काही व्हरांड्यात गेली. मी अनवाणी खाली धावलो, गल्ली पालथी घातली, गटारसुद्धा काठीनं ढवळलं. मग संध्याकाळमागून संध्याकाळ जमिनीवर बसून पानाखालचा शब्द बघायचा आणि तसाच शब्द माथ्यावर असलेलं पान शोधायचं. अक्षर कळत नव्हतं. कुठे तीन ठिपके, कुठे लांब शेपूट, कुठे पोट. तीन आठवड्यांनी पोथी लागली. मात्र मध्येच एका पानाखालचा शब्द कुठल्याच पानावर सुरू होईना. आणि एक पान असं उरलं, ज्याला कुणीच हाक मारलेली नव्हती.

एक पान मी घालवलं होतं. त्यांनी पहिलीच जी गोष्ट मागितली होती, तीच मला राखता आली नव्हती. कुठल्या तोंडानं जाणार? मी गेलो नाही. सियालदहवरून जाणारी ट्रामसुद्धा टाळू लागलो. रविवारी खोलीत पडून छताकडे बघायचो, त्या मेल्या पंख्याकडे. बायकोला लिहिलं, सगळं ठीक आहे. इतका एकटा मी कधीच नव्हतो, आणि हे एकटेपण तर माझं मीच आणलेलं होतं.

चार महिन्यांनी मला राहवेना. रुमाल उचलला आणि गेलो. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होतो. दुकानाला कुलूप. शेजारचा दफ्तरी कागद कापता कापता थांबला.

"आप मराठी बाबू? चचा तो पिछले महीने गुज़र गए. हर इतवार पूछते थे, बाबू आया क्या?"

आत जाऊन त्यानं एक पाकीट आणलं. त्यात दोन कोऱ्या पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं एक पान होतं. सोनेरी वेलबुट्टीचं.

मी पान उलटून पाहिलं. तो ओशाळून हसला. "जिस दिन आपको दी, उसी दिन निकाल के रख लिया था. बोले, किताब मिल गई, अब बाबू काहे को आएगा? नीचे का लफ़्ज़ देखेगा तो पूछने आएगा."

घरी आलो. दार लावून पोथी उघडली आणि ते पान त्याच्या जागी ठेवलं. मागच्या पानाखालचा शब्द आणि याच्या माथ्यावरचा शब्द, दोन्ही एकच. तीन ठिपके, लांब शेपूट. पोथी पुरी झाली. मी लहान मुलासारखा रडलो.

त्यांचा हिशेब चुकला नव्हता. पानाच्या तळाचा शब्द मी पाहिला होता. पाहिला म्हणूनच गेलो नव्हतो.