तुमच्यात दुसरो गाल फुडे करतत मां?

थोबाडीत बसली तेव्हा माझ्या हातात आबांचा भरलेला डायपर होता. आबा अंथरुणाला खिळलेले, पण उजवा हात शाबूत. कूस बदलताना दुखलं, म्हणून मारलं. कान सुन्न झाला. दारात त्यांचा मुलगा उभा, मुंबईहून गणपतीला आलेला. तो हसला.

"तुम्ही क्रिस्तांव ना गो? तुमच्यात दुसरो गाल फुडे करतत मां? कर बघू."

आणि मी केला. आबांनी त्यावरही हाणली. मुलगा ठसका लागेपर्यंत हसला. मी डायपर गुंडाळला, मागच्या दाराने बाहेर गेले आणि माडाच्या बुंध्याशी ओकले.

आम्ही मालवणचे. बापूस दर्यात जायचा. तो वारल्यावर मी दवाखान्यात आयाचं काम शिकले. आचऱ्याच्या या घरात आले तेव्हा आबांच्या पाठीला पडून पडून मूठ जाईल एवढी जखम होती. पोटचा मुलगा मुंबईहून आला की नाक दाबून उंबऱ्यावरूनच चौकशी करायचा. ती जखम मी धुतली, पुसली, वेळच्या वेळी कूस बदलली. भरत आली. तरी माझा चहा मागच्या पडवीत, वेगळ्या कपात. आबांचं गू काढणारे हात चालतात. त्याच हातांनी पाण्याचा हंडा शिवलेला चालत नाही. मेल्यांनो, हा कुठला न्याय?

माझी आवय, म्हणजे आई, म्हणायची, "चांगला करीत रव, देव बघता." मी करत राहिले. देव बघत राहिला असेल.

पण तो गाल काही मला सोडेना. दोन दिवस नुसती जळत होते. मग कळलं. मी गाल पुढे केला तो मोठ्या मनाने नव्हे. भीतीने. काम जाईल, घरी चूल कशी पेटेल, या भीतीने. आणि त्या भीतीला मी देवाचं नाव देऊन बसले होते. हे कळलं तेव्हा माझीच मला लाज वाटली, आणि मग राग आला.

तिसऱ्या दिवशी पेज भरवत होते. गरम लागली. आबांनी उशाकडची काठी उचलली. मी मनगट धरलं.

"आबा, पुरे."

एवढंच. ते बोंबलले. मुलगा धावत आला, माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं.

"बाटगे, म्हाताऱ्यार हात टाकतंस?"

कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं. काठी हाताला लागली. फिरवली. एक फटका कोपरावर, एक गुडघ्यावर. तो कळवळून खाली बसला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"पोलिसांक बोलयतंय," तो म्हणाला.

"बोलय. त्यांका माझा कपाळय दाखय."

पेज सांडून आबांची चादर ओली झाली होती. ओल्यात जखम चिघळते. काठी खिडकीतून फेकली. आबांना पुसलं, चादर बदलली, मलम लावलं. माझं रक्त नव्या चादरीवर पडत होतं, पडू दिलं. आबा डोळे मिटून पडून होते. मग मी घरी गेले, ती परत फिरकले नाही.

रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर फादरनी बाजूला घेतलं. गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

"चांगलं करताना थकू नये, बाळ. जाऊन माफी माग."

"फादर, चांगला करून मी थकूक नाय. मार खावन थकलंय. माफी मागूचंय नाय."



आज सकाळी मुलाचा फोन आला. आवाज लोण्यासारखा. दुसरी बाई टिकली नाही, जखम परत उघडली, घरभर वास सुटलाय. "येशीत काय गो?"

"येतलंय," मी म्हटलं. "तुझ्या बापाशीची जखम भरतलंय, ता माझा काम. पण आता आयक. त्या घरात परत कोणाचो हात माझ्यार उठलो तर तो हात मोडतलंय. आणि मगे त्या हाताक पट्टीय मीच बांधतलंय."