एका पायावर म्हणायचं गाणं

चार मास्तर चहाला बसले की किस्से निघतातच. लाखनीजवळच्या आमच्या शाळेत मात्र निम्मे किस्से एकाच गाण्याचे!

गाणं सारसाचं. कोणी रचलं, कोणालाच ठाऊक नाही. गावातले म्हातारेसुद्धा लहानपणी तेच म्हणायचे.

"सारसदादा, सारसदादा, बांधीमंदी ये,
एकला नोको येऊ दादा, वहिनीले बी घे!"

बांधी म्हणजे धानाचं शेत. नियम एकच : अख्खं गाणं सारसासारखं एका पायावर.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरची गोष्ट. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "सारस पाहिला का कोणी?"

दुसरीतला पोरगा उठला. "नाही जी. सारस गोंदियाले गेले."

"काहून?"

"जिल्हा फुटला ना जी! त्यायची बदली झाली!"

एकदा एक आजीबाई तणतणत शाळेत आल्या. "माह्या नातीले काहून शिक्षा केली? पोरगी घरी बी एका पायावर उभी राह्यते!"

आमचे हेडमास्तर टेंभुर्णे सर गडबडले. "आजी, शिक्षा नाही, गाणं आहे. सारसाचं."

"सारसाचं? थे तं मलेबी येते!" आजीनं लुगडं खोचलं, पाय उचलला, गाणं सुरू केलं. मधेच थांबून म्हणाली, "सर, तुमी काहून दोन पायावर?"

सहलीत पोरांना तळ्यावर नेलं. एक जण ओरडला, "सर, लहान सारस!"

"अरे, बगळा आहे तो."

"मोठा झाल्यावर होईन ना जी!"

आता आमच्या पहिलीच्या रहांगडाले मॅडमचा किस्सा. नवराही मास्तरच. जिल्हा फुटला तशी मॅडमची शाळा भंडाऱ्यात राहिली, त्याची गोंदियात गेली. दरवर्षी बदलीचा अर्ज, दरवर्षी नकार. 'एकला नोको येऊ' या ओळीला मॅडम खिडकीबाहेर बघायच्या. आम्ही सगळ्यांची थट्टा करायचो, त्यांची कधी केली नाही.

एका शनिवारी टेंभुर्णे सरांना मॅडमच्या नवऱ्याचा फोन आला. त्याची बदली आमच्याच जिल्ह्यात, साकोलीला झाली होती! "पण सर, तिले सांगू नका. मीच येऊन राहिलो."

सरांना काही धीर निघेना. नुसते व्हरांड्यात येरझारा घालत होते.

तिकडे मॅडमच्या वर्गात गाणं रंगात आलेलं, मॅडमही एका पायावर. शेवटी मुलं नराची हाक देतात, मुली मादीचं उत्तर. मुलांनी हाकेसाठी श्वास घेतला, तेवढ्यात दारातूनच आवाज आला, "क्रांऽऽऽ!"

दारात मॅडमचा नवरा, हेल्मेटसकट, एका पायावर उभा! मागे टेंभुर्णे सर डोळे पुसत होते.

मॅडमच्या हातातला खडू पडला, पण उचललेला पाय काही खाली येईना.

पुढच्या रांगेतली चिमुरडी हळूच म्हणाली,

"मॅडम, दादा बोलला! आता वहिनीचा नंबर हाये ना जी?"