मामीचा वरवंटा

आमचे प्रतापमामा जुन्या डिझेल जीपचं सगळं स्वतः करायचे. ऑइल बदलणं, डिझेलचा फिल्टर धुणं, स्प्रिंगचे पाटे आवळणं. हॅन्डब्रेक तेवढा कधी दुरुस्त केला नाही. मी टोकलं की म्हणायचे, "तुझी मामी आहे ना!"

मामी म्हणजे जमनाबाई. हेब्बाळच्या आमच्या गल्लीला चांगला उतार आहे. जीपचा सेल्फ-स्टार्टर म्हातारा झालेला, म्हणून जीप नेहमी उताराच्या माथ्यावर उभी आणि मागच्या चाकाखाली मामीचा वरवंटा. घरात मिक्सर आल्यावर त्या वरवंट्याला हीच नोकरी लागली. मामा ब्रेकवर पाय ठेवून बसायचे, मामी वाकून वरवंटा काढायची आणि ओरडायची, "हं, सोडा!" जीप घरंगळत सुरू व्हायची. खाली करंजाच्या झाडाशी मामा थांबायचे, वाकून डावं दार उघडायचे. मामी बडबडत उतरून यायची, "लोकांच्या बायका गाडीत बसतात, मी गाडीमागं चालते."

होळीच्या सुमाराला मामी गेली. मामा रडले नाहीत. आलेल्यांना पाणी दिलं, वाढलं ते जेवले. आम्हाला आधी त्यांचं कौतुक वाटलं, मग भीती वाटू लागली. जीपला त्यांनी हातही लावला नाही. चाकं बसायला लागली.

मामांचा मुलगा यशोवर्धन पुण्याला असतो. त्याने तिकडूनच फोनवर जीपला गिऱ्हाईक ठरवलं. मला राग आला. बापाला विचारायची तरी रीत! मामा नुसते कानडीत म्हणाले, "सरी." म्हणजे, बरं.

देवनहळ्ळीहून जीप घ्यायला रघुनंदन आला. तिथं त्याचा द्राक्षमळा. मामांनी जीप त्याच्या घरापर्यंत पोचवून द्यायची, असं ठरलं होतं. माणूस सभ्य होता. तो पुढं बसायला लागला, तर मामा म्हणाले, "मागं बसा." तो निमूट मागं चढला.

मामांनी किल्ली फिरवली, दुसरा गिअर टाकला आणि ब्रेक दाबून बसले. मी वाकून वरवंटा काढला. फार जड होता. साठीतली मामी तो रोज उचलायची, हे मला त्या दिवशी कळलं.

"काढला, मामा."

मामा ढिम्म. नजर समोर.

"स्वल्प लवकर, अण्णा," मागून रघुनंदन म्हणाला. "ऊन वाढतंय."

तरी पाय हलेना. ते कशाची वाट बघत होते, ते मला ठाऊक होतं. शेवटी मीच जोर करून ओरडले, "हं, सोडा!"

पाय निघाला. जीप घरंगळली, एक गचका खाल्ला आणि काळा धूर सोडत सुरू झाली. करंजाच्या झाडाशी थांबली. मामा डावीकडे वाकले. दार उघडलं.

मी वरवंटा पोटाशी धरून वर उभी. दार उघडंच. इंजिन धडधडतंय, आणि मामा मान वळवून उताराकडे बघतायत.

मग त्यांनी स्टीअरिंगवर डोकं टेकलं. त्यांच्या रडण्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात लांब करून दार ओढून घेतलं. ते नीट बसलं नाही, म्हणून पुन्हा एकदा उघडून लावलं. जीप देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागली.