एकोणीस पाने

आयुष्यभर इतरांनी लिहिलेले संस्कृत शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारखीने साठीनंतर स्वतः काही लिहावे, हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. त्यात ज्यांच्याविषयी लिहिते आहे, त्या देवळाली कॅम्पातल्या आमच्या शेजारणीला लिहिणे मुळीच मान्य नव्हते. त्यांच्याइतकी हट्टी बाई नाशिक जिल्ह्यात दुसरी झाली नसावी.

या शेजारीणबाई, म्हणजे आमच्या आंटी, आर्मेनियन. त्यांच्या आईच्या लहानपणी, पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानात आर्मेनियन लोकांची कत्तल झाली. घरच्या वीस माणसांना गावातून हाकलून वाळवंटाच्या वाटेला लावले. जिवंत राहिली ती एकटी ही मुलगी. ती बसऱ्याहून मुंबईला आणि लग्न होऊन देवळालीला आली. सामान नव्हते, गावाकडचे द्राक्षतोडणीचे एक गाणे तेवढे सोबत होते. त्याच्या चालीवर तिने गेलेल्यांची एकोणीस नावे बसवली आणि लेकीकडून, म्हणजे आंटींकडून, घोटून घेतली. आंटींना मूलबाळ नव्हते. मी भिंतीपलीकडे राहत होते, एवढ्या अपराधावर ती नावे मला शिकावी लागली.

नव्वदच्या दशकात दर उन्हाळ्यात हा छळ चाले. द्राक्षाच्या कोवळ्या पानांत भात भरून अळूवडीसारख्या गुंडाळ्या करायच्या. एका पानाला गाण्यातले एक नाव म्हणायचे, आणि नावामागे त्या माणसाची एक गोष्ट. एकोणीस झाल्याशिवाय कोणी खायचे नाही. पाने फवारणीविना हवीत, म्हणून विंचूरच्या एका बागाईतदाराशी त्यांचे वार्षिक भांडण ठरलेले.

"आंटी, औषध नाय मारलं तर डावनीची बुरशी येती! एका वेलीपायी सगळा प्लॉट घालवू का?"

"एकच सोड. आमच्या घरात पण एकच वाचली होती."

तो कडेची एक वेल बिनफवारणीची सोडी.

गोष्टींत आदर शोधूनही सापडत नसे. एक काका जर्दाळू चोरणारा, एक आत्या घोरणारी. गेलेल्यांविषयी असे बोलू नये, असे मी सुचवले, तर म्हणाल्या, "मेली म्हणून शहाणी झाली काय?" गाण्याचा अर्थ कळत नाही म्हटले, तर, "तुमची मुलं स्तोत्रं अर्थ कळून म्हणतात?" एकदा टेपरेकॉर्डर नेला, तर त्यांनी त्यातले सेल काढून माझ्या हातात ठेवले. "टेप कपाटात झोपते, टीचर. माणसाला भूक लागते, मग तो म्हणतो."

त्या भुकेपोटीच मी एकदा जर्दाळूवाल्या काकाचे नाव गाळले. आंटींनी गुंडाळलेली सगळी पाने उलगडली.

"एकच तर राहिला!" मी वैतागून म्हटले.

"तो त्या वाटेवर एकदा राहिला," त्या म्हणाल्या. "पुरे."

मी पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.

शेवटच्या उन्हाळ्यात त्या स्वतःच अकराव्या नावाशी अडल्या. हातात पान, ओठ नुसतेच हलत होते, आणि डोळ्यांत मी कधी न पाहिलेली भीती. शाळेच्या प्रार्थनेतही ओठ मिटून उभी राहणारी मी, ते नाव मोठ्याने गायले. त्यांनी पान गुंडाळले आणि नेहमीच्याच तोऱ्यात म्हणाल्या, "सूर चुकला. पुढे?"

त्यांना जाऊन काही वर्षे झाली. ती नावे इथे लिहीत नाही; तसा शब्द दिला आहे. बागाईतदार अजून कडेची एक वेल सोडतो, तीही न भांडता, आणि ते मला सोसवत नाही. मी एकटीच एकोणीस पाने गुंडाळते. एखादे नाव गाळले गेले, तर सांगणारे कोणी नाही. येत्या उन्हाळ्यात पाने गुंडाळायला तुमच्यापैकी कोणी माझ्याकडे याल का?