पावलूच्या खोलीतलं मांजर

आयरीनबाय गेल्याचं मला कुडाळ स्टेशनवर कळलं. लेकीला गाडीत बसवून मी मालवणच्या एसटीकडे निघाले होते, तेवढ्यात रेहानाचा फोन आला. रेहाना आमची शेजारीण, एरवी फोनवर भरभरून बोलणारी. त्या दिवशी तिने एवढंच सांगितलं, की टीचर दुपारी जेवून खुर्चीत बसल्या त्या पुन्हा उठल्याच नाहीत. मी एसटीत जाऊन बसले. वाटेत रडू आलं नाही... आयरीनबायना ते आवडलंही नसतं.

आम्ही दोघींनी एकाच शाळेत बरीच वर्षं शिकवलं, त्यांनी गणित आणि मी मराठी. त्या माझ्याहून मोठ्या. वर्गात कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण मुलं त्यांना वचकून असायची. कुणाला उगाच शाबासकी द्यायच्या नाहीत आणि कुणाचं उगाच सांत्वनही करायच्या नाहीत. लग्न केलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ पावलू जहाजावर नोकरीला होता. तिथे उंचावरून पडून त्याचा मणका मोडला आणि ऐन तारुण्यात तो घरी आला, तो कायमचा अंथरुणावर. आई होती तोवर दोघी मिळून त्याचं करायच्या, नंतर आयरीनबाय एकट्या. सकाळी त्याला पुसून, कूस बदलून शाळेत यायच्या, मधल्या सुट्टीत घरी जाऊन यायच्या. गोव्यातलं एक स्थळ त्यापायी मोडलं, असं लोक म्हणत. खरंखोटं मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही. पावलू गेल्यावर त्यांनी त्याची खोली धुऊन घेतली आणि दाराला कडी घातली. ती कडी पुढे कितीतरी वर्षं तशीच होती.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. रेहानाच्या अंगणात मागे घेतलेल्या टेम्पोखाली मांजरीचं एक पिल्लू सापडलं. मेलं नाही, पण कमरेखालचा भाग लुळा पडला. पुढच्या पायांवर ते स्वतःला ओढत होतं आणि मागचे पाय ओल्या फडक्यासारखे मागून येत होते. रेहानाच्या घरात लहान मुलं आणि सासूचं आजारपण. ती पिल्लाला सुपात घालून आयरीनबायकडे गेली. मी तेव्हा तिथेच होते. आयरीनबायनी सुपात एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"माका सांगा नको, रेहाना," त्या म्हणाल्या. "ह्यां सगळां माझां करून झालां."

रेहाना सूप घेऊन वळली. ती पायरी उतरतेय तोच आयरीनबायनी मला रिक्षा बोलवायला सांगितलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबलं. पिल्लू मान वळवून फिसकारलं. डॉक्टर म्हणाले, दुखतंय हे चांगलं लक्षण आहे, म्हणजे मज्जारज्जू पुरता तुटलेला नाही. पण चालेलच असं ते सांगू शकत नव्हते. औषधं दिली. हलता येणार नाही अशा लहान जागेत ठेवा, कूस बदलत राहा, लघवी आपली आपण होणार नाही तर पोट दाबून करवा, असं सांगितलं. पोट कसं दाबायचं ते दाखवताना त्यांनी विचारलं, जमेल ना तुम्हाला? आयरीनबाय नुसत्या "हो" म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी पावलूच्या खोलीची कडी काढली. ती खोली गार, वारा बेताचा, म्हणून ती निवडली असं त्या म्हणाल्या. खोक्यात जुन्या साडीच्या घड्या घालून पिल्लाला ठेवलं. मग सुरू झालं ते सगळं मी पूर्वी पाहिलेलंच होतं... अंग कोमट पाण्याने पुसणं, हाडं टेकतात तिथे लालसर तर झालं नाही ना ते बघणं, कापड ओलं झालं की लगेच बदलणं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्या मागचे पाय हलकेच दुमडायच्या आणि सरळ करायच्या. पोटाखालून टॉवेलची झोळी घेऊन उभं करायच्या. झोळी सैल पडली की पिल्लू कोसळायचं. मी न राहवून त्याच्याशी बोलायचे, आता धावशील हां, झाडावर चढशील. आयरीनबाय माझ्याकडे बघायच्या आणि पुन्हा झोळी सारखी करायच्या.

असे आठवडे गेले. मला वाटू लागलं होतं, की हे आता असंच राहणार. एका सकाळी मी खोबऱ्याची वडी घेऊन गेले, तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि टॉवेल सैल सोडला होता. पिल्लू उभं होतं. मागचे पाय थरथरत होते, कंबर एका बाजूला कलली होती. एक पाऊल पुढे आलं, ते वाकडंच पडलं आणि पिल्लू बसलं. मी टाळी वाजवणार होते, पण आयरीनबायचा चेहरा बघून थांबले. त्या टॉवेलाची घडी घालत होत्या, मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या.

"पावलूक आमी रोज सांगत होतो गो, शैला, तू उठतलंस म्हणान," त्या म्हणाल्या. "तो ऐकान घेय. तेका ठावक होतां. आमकांय ठावक होतां. ह्या मांजराक मी कायच सांगूक नाय."

थोड्या वेळाने त्यांनी चहा ठेवला आणि आम्ही वडी खाल्ली. पावलूविषयी त्या माझ्याशी बोलल्या त्या तेवढ्याच.

मांजर चालायला लागलं, पण कंबर डुलवत, तिरकं. उडी मात्र त्याला कधीच साधली नाही. पावलूच्या खोलीला पुन्हा कडी लागली नाही. तिथे खिडकीशी खुर्ची टाकून आयरीनबाय दुपारी पेपर वाचायला लागल्या. गेल्या त्याही त्याच खुर्चीत.

त्या गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्यांच्यासाठी मिसची प्रार्थना झाली, तिला मडगावहून त्यांचा भाचा विल्सन आला होता. घर बंद करून जायचं होतं. मांजर रेहानाने नेलं, पण संध्याकाळी ते परत या दारात. पुन्हा नेलं, पुन्हा आलं. विल्सनने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि मागच्या अंगणातून फिरून येताना तो थांबला. पावलूच्या खोलीच्या खिडकीला बाहेरून एक फळी तिरपी टेकवलेली होती. मांजराचे पाय घसरू नयेत म्हणून आयरीनबायनी तिच्यावर काथ्याची दोरी गुंडाळून घेतली होती. हे काय, असं त्याने विचारलं. रेहानाने सांगितलं. तो कुलूप काढून आत गेला आणि ती खिडकी उघडून आला.

घर आता बंद असतं. त्या खिडकीला गज आहेत, माणूस काही आत शिरत नाही. रेहाना फळीशी मासळी ठेवते. परवा मी तिकडून येत होते, तर मांजर फळीवरून वर चाललं होतं, कंबर डुलवत, सावकाश. गजांतून आत गेलं. मी जरा वेळ तिथे उभी राहिले आणि मग घरी आले.