नळ उघडा ठेवल्याबद्दल

प्रथम तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे मी ज्यांना जबाबदार धरतो ते.

गुढीपाडवा. नळाला पाणी येण्याचा दिवस होता, आले नाही. सणाचा सगळा स्वयंपाक शिळ्या पाण्याच्या दोन हंड्यांवर झाला. जबाबदार : या शहराचे पाणी ज्यांच्या हुकमाने सुटते, ते साहेब.

वटपौर्णिमा. पत्नी आणि मी हे शहर सोडून स्पेनमधील आलिकान्ते या समुद्राकाठच्या गावी राहावयास गेलो. जबाबदार : आमचा मुलगा.

पोळा. तेथील भाड्याच्या घरात नळ उघडा राहिला आणि खालच्या मजल्यावरील बाईंच्या छतातून पाणी गळले. जबाबदार : पुन्हा तेच साहेब. कसे, ते पुढे सांगतो.

घटस्थापना. माझ्या नकळत, आमच्या कुटुंबाच्या वतीने, एक खोटा कबुलीजबाब देण्यात आला. जबाबदार : मुलगा.

दिवाळीतला पाडवा. मी एकटा परत आलो. जबाबदार निश्चित व्हावेत, म्हणूनच हे लिहितो आहे.

इंग्रजी तारखा माझ्या पत्रांच्या स्थळप्रतींवर आहेत. परंतु आमच्या घरात घटना सणांनीच ओळखल्या जात, कारण कोणत्या सणाला पाणी आले होते आणि कोणत्या सणाला नव्हते, हे पत्नीला केव्हाही विचारावे; ती झोपेतून उठूनही सांगे.

मी न्यायालयात अधीक्षक होतो. छावणीच्या मागच्या बाजूला आमचे स्वतःचे घर आहे, खाली टाकी, वर टाकी, अंगणात दोन टिपाडे. या शहरात राहणाऱ्याला पाण्याचा दिवस म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. नळाला पाणी रोज येत नाही. आठवडा उलटतो, कधी त्याहून अधिक, मग एक दिवस ठरतो, आणि तो दिवसही आयत्या वेळी टळतो. लाइनमन वॉल्व्ह कधी फिरवील याचा नेम नाही. म्हणून आमच्या भागातील बायका नळ उघडाच ठेवतात आणि खाली रिकामी स्टीलची घागर ठेवतात. आधी नळ हवा फुंकतो, मग खोकतो, मग घागरीच्या बुडावर पहिली धार वाजते. त्या आवाजावर अख्खी गल्ली धावते, मोटारी लागतात, भांडणे सुरू होतात. नळ उघडा ठेवणे हा आमच्याकडे निष्काळजीपणा समजला जात नाही. तीच आमच्याकडची काळजी.

पत्नीचे माहेर पाचोडचे. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने त्या घागरीपासून फार दूर जाण्याचे धाडस केले नाही. बारशी, साखरपुडे, भावाच्या घरची वास्तुशांत, सगळीकडे तिचा एकच निरोप जाई : “आज पाण्याचा दिवस हाय, उद्या येते.” नातेवाईक चेष्टा करीत. एक नणंद म्हणाली होती, “वहिनीला यमानं बोलावलं तरी म्हनेल, थांब बाबा, टिपाड अर्धंच भरलंय.” पत्नी सर्वांत जास्त हसली होती.

मी पत्रे लिहीत असे. या शहराला पाणी पुरवणारे नाथसागर धरण भरले की जलपूजनाचे फोटो छापून येतात. त्याच आठवड्यात आमचा नळ हवा फुंकतो. जगण्याच्या हक्कात पाणी येते की नाही, हा प्रश्न मी संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदासह प्रत्येक नव्या साहेबांना विचारला आहे. उत्तरे आली आहेत. “आपला अर्ज संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आला आहे.” असा विभाग मी आजवर पाहिलेला नाही.

मुलगा आलिकान्तेला नोकरीस होता. त्याने आमच्या निवासाचे परवाने मिळवले आणि फोनवर सांगितले, “आई, इथं वर्षभर ऊन असतं. तुझ्या गुडघ्याला बरं.” उन्हासाठी मराठवाड्यातून कोणी स्थलांतर करते काय, असे मी विचारले. पत्नीने एवढेच विचारले, “पाणी कवा येतं?”

“आई, येतं म्हणजे काय? असतंच.”

तिला ते पटले नाही. त्या घरात पोहोचलो तेव्हा तिने चपलाही काढल्या नव्हत्या. सरळ स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, त्याखाली हात धरला आणि उभी राहिली. मुलगा हसत होता. मी बॅगा मोजत होतो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “धार बारीक होत नाय.”

पहिले काही आठवडे ती पातेली, बाटल्या, फुलदाणीसुद्धा भरून ठेवी. मुलाने दटावले की लपवून भरी. मग हळूहळू पातेली रिकामी राहू लागली. आणि मग अशी गोष्ट घडली जी मी आमच्या संसारात पाहिली नव्हती : ती दुपारी झोपू लागली. त्या गावात दुपारी सगळेच पडदे ओढून झोपतात. तेवढ्यापुरती ती तिथली झाली होती. मला मात्र झोप येत नसे. बस वेळेवर, कचऱ्याची गाडी वेळेवर, फुटपाथ अखंड. पाऊस आमच्याकडच्याहून कमी, डोंगर बोडके, आणि तरीही नळाला पाणी. लिहावे असे एकही पत्र मला तिथे सुचत नव्हते. लोक माझ्याशी सौजन्याने वागत, म्हणजे मंद बोलत आणि लवकर संपवत. दुकानदार माझ्या मुलाकडे पाहून माझा हिशेब सांगे. ज्या माणसाला न्यायाधीश स्वतः नियम विचारत, त्याला तेथे पोस्टाचे तिकीट घ्यायलाही मुलगा लागत असे.

पोळ्याच्या दिवशी लिफ्टशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. मुलाने सांगितले, नळाचे काम आहे, सकाळपासून पाणी बंद, संध्याकाळी येईल. तो कामाला गेला. पत्नीचा चेहरा ओळखीचा झाला. तिने सर्व नळ सोडले. स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये सर्वांत मोठे घमेले ठेवले, बाथरूममधील टबाला बूच लावले आणि त्याही नळाचे तोंड मोकळे ठेवले. मी पाहत होतो. मलाही त्यात वावगे काही वाटले नाही. मग मी म्हणालो, आपण किनाऱ्यावर जाऊन येऊ. ती म्हणाली, “पाणी आलं तर?” मी म्हणालो, संध्याकाळ म्हटले आहे, म्हणजे रात्र समज.

पाणी दुपारीच आले.

दिलेल्या वेळेआधी पाणी येऊ शकते, ही कल्पना आम्हा दोघांच्याही आयुष्यात कोणी येऊ दिली नव्हती. परतलो तेव्हा दाराखालून पाणी जिन्याकडे निघाले होते. घमेल्याने बेसिनचे भोक दाबले होते, टब काठोकाठ वाहत होता, आणि सगळे नळ पूर्ण सुटलेले. खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. त्यांच्या छतातून पाणी गळून पलंग भिजला होता, त्यांचे छोटे कुत्रे खुर्चीवर चढून भुंकत होते. पत्नी गुडघ्यांवर बसून त्यांची फरशी पुसू लागली, आणि पुसता पुसता रडू लागली. त्या बाईंनी तिला दंडाला धरून उठवले, कुत्र्याला खाली उतरवून त्या खुर्चीवर तिला बसवले आणि स्वतः पुसू लागल्या. दोघींना एकमेकींचे एक अक्षरही कळत नव्हते.

घरमालक दुसऱ्या दिवशी आला. पन्नाशीचा, उन्हाने तांबूस झालेला गृहस्थ. तो माझ्या मुलाशी बोलला; माझ्याकडे त्याने पाहिले नाही. नंतर मुलाने सांगितले की घर सोडा म्हणतो. आणखी काय म्हणाला, असे मी खोदून विचारले. मुलगा नाइलाजाने म्हणाला, “म्हणाला, तुमच्या लोकांना नळ बंद करायची सवय नसते.”

मी त्याच दिवसापासून पत्र लिहावयास बसलो. इंग्रजीत लिहिले. भाडेकराराची मुदत, नुकसानभरपाई आणि घर रिकामे करून घेणे यांतील भेद, त्याच्या वाक्यातील अपमान, हे सर्व क्रमाने मांडले. आणि मुख्य भाग असा, की सदर कृती निष्काळजीपणाची नसून ज्या शहरात आम्ही आयुष्य काढले तेथील पाणीपुरवठ्याने आम्हास लावलेली रीत आहे, त्यामुळे दोषाचे मूळ या इमारतीत शोधू नये. पत्र मुलाकडे भाषांतराला दिले.

घटस्थापनेला घरमालकाचा फोन आला. राहा म्हणाला. मला वाटले, पत्राचा गुण. मुलगा मान खाली घालून जेवत होता.

“पत्र दिलंस ना त्याला?”

“बाबा, पाच पानं कोण वाचतं इथं? मी थोडक्यात सांगितलं.”

“थोडक्यात काय?”

“की चूक झाली, माफ करा, पुन्हा होणार नाही.”

“चूक? कोणाची चूक?”

“आईची. मग काय माझी? नळ मी उघडा ठेवला का?”

“माझीच रे बाळा,” पत्नी आतून म्हणाली. “आता दोघं गप जेवा. भाजी करपायली.”

मी जेवलो नाही. जिच्या हातून गुन्हा घडला नाही तिच्या नावाने कबुलीजबाब देऊन जे घर राखले, त्या घरात मला राहता येणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हाला केस जिंकायचीय. मला फक्त आईला इथंच राहू द्यायचं होतं.” मी परतीची दोन तिकिटे काढण्यास सांगितले. पत्नीने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “एकच काढ.”

मला वाटले, ती मला चिडवते आहे. दिवाळीपर्यंत मी तसेच समजत राहिलो. ती खालच्या बाईंबरोबर रोज संध्याकाळी किनाऱ्यावर फिरू लागली होती. एक मराठवाडी बोले, एक स्पॅनिश, कुत्रे दोघींचे ऐके. पाडव्याला तिने पाट मांडला, मला ओवाळले. बॅग दाराशी होती. ताट खाली ठेवून तिने विचारले, “आई गेली तो दिवस आठवतो का तुम्हाला?”

आठवत होता. पाचोडहून फोन आला होता की तिच्या आईचे खरे नाही, लगेच या. त्याआधीच्या पाळीला पाणी आलेच नव्हते, टाकी कोरडी होती, घरात माझे वडील अंथरुणाला खिळलेले. तिने निरोप पाठवला, आज पाण्याचा दिवस आहे, उद्या सकाळी निघते. पाणी आले नाही. आई संध्याकाळी गेल्या. पाचोड आमच्यापासून एसटीने असे किती लांब आहे?

“मी त्या प्रकरणी तक्रार केली होती,” मी म्हणालो.

“व्हय, केली होती. लई कडक लिव्हलं होतं. समद्यांनी वाचलं. पर तुम्ही म्हनला नाय, की जा, पाण्याचं मी बघतो.”

मी त्या दिवशी कामावर होतो. हे येथे नोंदवून ठेवतो. न्यायालयाचे कामकाज फोनवर सोडून येता येत नसे.

“मग तू येणारच नाहीस?”

“आवो, मी भांडून नाय राहायली. घर माझं बी हाय. नळ रोज येऊ लागला की कळवा. त्याच दिवशी निघते. पर तोवर न्हाय. आता मला घागरीचा आवाज ऐकवत नाय.”

मग तिने मला वाटेसाठी धपाट्यांचे पुडके दिले.

परत आलो तर घराचे कुलूप गंजले होते, टिपाडांत पाने कुजली होती. शेजारी कुंपणावरून विचारतात, “वहिनी कधी यायल्यात?” मी सांगतो, मुलाकडे काम आहे. हे खोटे आहे, आणि आयुष्यभर शपथपत्रे तपासलेल्या माणसाला रोज एकदा खोटे बोलावे लागते. पाण्याच्या दिवशी आता मी घागर ठेवतो. नळ हवा फुंकू लागला की मी आधी धावत नाही. थोडा वेळ घरातून कोणी धावते का, ते ऐकतो.

दर रविवारी तिचा फोन येतो. जेवणाचे विचारते, गुडघा बरा असल्याचे सांगते, मागे समुद्राचा आवाज असतो. शेवटी विचारते, “आलं का?” मी म्हणतो, या आठवड्यात नाही. ती म्हणते, “बरं.” त्या “बरं”मध्ये राग नाही. राग असता तर मी त्याला उत्तर दिले असते.

तेव्हा ज्यांच्या हुकमाने या शहराचे पाणी सुटते, त्या साहेबांना माझे विचारणे आहे. मुलाला मी माफ करीन किंवा न करीन, तो आमचा घरचा प्रश्न. घरमालकाला त्याच्या वाक्याचा जाब मी त्याच्या भाषेत देऊ शकलो नाही, ते राहिले. आपल्याला मात्र मी मराठीत विचारतो आहे. मला लेखी उत्तर नको. लेखी उत्तरे माझ्याकडे पुष्कळ आहेत. आमच्या भागातील पाण्याच्या टाकीखाली मोकळी जागा आहे. पुढच्या पाण्याच्या दिवशी, बायका घागरी घेऊन उभ्या असतील तेव्हा, आपण तेथे या आणि सर्वांसमक्ष, मोठ्याने सांगा, की आमच्या नळाला रोज पाणी कधी येणार. महिना सांगा, दिवस सांगा. मी फोन हातात धरून पुढे उभा राहीन. पलीकडे माझी पत्नी ऐकत असेल.