वैदेहीताईंनी मऊ केलेलं वाक्य

बैठकीआधी वैदेहीताई आम्हा सगळ्यांकडून चिनी पाहुण्यांची नावं मोठ्याने म्हणून घ्यायच्या. "नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं." नाशिकमधल्या आमच्या युरोपीय मालकीच्या कारखान्यात त्या दुभाषी होत्या, मी खरेदी विभागात. "शब्द काय, कोणीही पोचवेल. माणूस दुखावता कामा नये," हे त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य.

एकदा लिन नावाचे वयस्कर कारखानदार सुट्या भागांच्या करारासाठी आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. भावाचा मुद्दा निघाला आणि ते गप्प झाले. आमचे साहेब मार्टिन वैतागले. "याला सांगा, बोलायचं नसेल तर माझा वेळ खाऊ नको."

ताई चिनीत हळू आवाजात काहीतरी बोलल्या. लिन उठले, साहेबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आमच्या अटी मान्य केल्या. टाळ्या वाजल्या.

ताई मात्र पँट्रीत जाऊन बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"मी त्यांना म्हटलं, साहेब म्हणतायत, सावकाश विचार करा. त्यावर ते म्हणाले, इतका मान मला परदेशात कोणी दिला नव्हता. अरे, ज्याचे त्यांनी आभार मानले तो माणूस त्या खोलीत नव्हताच. तो मी तयार केला."

त्या भरवशावर लिननी आमच्यासाठी नवी यंत्रं बसवली. वर्षभरात एक खेप उशिरा आली, तेव्हा साहेबांनी व्हिडिओ कॉलवर, सगळ्यांदेखत, त्यांना खोटारडा म्हणून ऑर्डर रद्द केली. या वेळी ताईंनी शब्दन् शब्द सांगितला. लिननी काहीतरी विचारलं. ताईंची मान खाली गेली. त्यांनी दोन-तीन शब्दांत उत्तर दिलं. पडदा काळा झाला.

"विचारत होते, सावकाश विचार करा म्हणणारा हाच का तो माणूस? मी सांगितलं, ते मी म्हटलं होतं."

त्याच आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला. पुढे बऱ्याच दिवसांनी गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मी विचारलं, "लिनना फोन केलात का कधी?"

"केला ना. माफी मागितली. ते रागावले नाहीत. माझ्या आईची तब्येत विचारली." ताईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. "पूर्वी मला मुलीसारखं 'तू' म्हणायचे रे. त्या दिवशी फोनवर 'आपण' म्हणाले."